हायड्रेट, गाळ आणि पाण्याची वाट: घोडं नेमकं कुठं अडतं

१९३४ मध्ये हॅमरश्मिट नावाच्या अमेरिकन केमिस्टने दाखवून दिलं की थंडीत नॅचरल गॅसच्या पाइपलाइनी तुंबतात त्या साध्या बर्फाने नाही तर गॅस हायड्रेटने. दिसायला बर्फच, पण पाणी गोठायच्या तापमानाच्या वरही तयार होणारा, कारण आत गॅस अडकलेला असतो आणि पाइपमध्ये दाब भरपूर असतो. त्याआधी जवळजवळ सव्वाशे वर्षं हायड्रेट म्हणजे लॅबमधली गंमत होती. हंफ्री डेव्हीने १८१० च्या सुमाराला क्लोरीनचं हायड्रेट बघितलं होतं, मग बाकीचे केमिस्ट कुठला वायू किती दाबाला पाण्याबरोबर असा गोळा होतो याच्या याद्या करत बसले. पाइप तुंबायला लागले, त्यात पैसा अडकला, तेव्हा कुठे सगळे सिरीयस झाले.

आता हाच सीन समुद्राच्या तळाखाली बघायचा, फक्त पाइप केसापेक्षा कितीतरी बारीक आणि असंख्य. म्हणजे गाळाच्या कणांमधल्या फटी. त्या फटींमध्ये हायड्रेट बनलं की पाणी आणि गॅस यांची ये-जा कमी होते हे कुणीही सांगेल, त्याला काही फार अक्कल लागत नाही. मजा पुढे आहे: किती कमी होते? एकाच वाळूत, तेवढंच हायड्रेट असूनसुद्धा एका ठिकाणी पाण्याची वाट चौथ्या हिश्श्यावर येते आणि दुसऱ्या ठिकाणी शंभरात तीनवर. हे कसं, ते सांगायचा हा खटाटोप.

आधी हायड्रेट काय ते पटकन. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून पिंजरे करतात आणि प्रत्येक पिंजऱ्यात मिथेनचा एखादा रेणू बसतो. मिथेन पाण्याशी कुठलाही केमिकल बाँड करत नाही, नुसता आत बसलेला असतो, पण तो आत आहे म्हणून पिंजरा उभा राहतो, रिकामा पिंजरा टिकत नाही. समुद्रात सगळ्यात जास्त सापडणाऱ्या प्रकारात ४६ पाण्याच्या रेणूंमागे ८ पिंजरे असतात. एक लिटर हायड्रेट वितळवलं तर नेहमीच्या दाबाला साधारण १६४ लिटर गॅस आणि पाऊण लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी मिळतं. काडी लावली तर पेटतं, म्हणून जळणारा बर्फ हे नाव, आणि सगळे फोटो त्या ज्वाळेचेच असतात. असो.

हे टिकायला थंडी आणि दाब दोन्ही लागतात. खोल समुद्राच्या तळाशी पाणी ४ अंशांच्या आसपास असतं, तिथे मिथेनचं हायड्रेट टिकायला साधारण ४० पट वातावरणाचा दाब लागतो, म्हणजे ४०० मीटरच्या जवळपास पाणी डोक्यावर हवं. प्रत्यक्षात बहुतेक साठे याहून बरेच खोल पाण्यात सापडतात. आणि तळाखाली जसजसं आत जाल तसतसा गाळ गरम होत जातो, किलोमीटरला ३० अंश वगैरे, त्यामुळे काही शे मीटर खाली गेलं की हायड्रेटची हद्द संपते. म्हणजे वर समुद्राचा तळ, खाली उष्णतेची सीमा, आणि मधल्या पट्ट्यात हा सगळा खेळ.

आता पर्मिएबिलिटी. मराठीत पारगम्यता म्हणतात. साध्या भाषेत, गाळातून पाणी किती सहज पुढे सरकतं त्याचं माप. इथे लोक हमखास सच्छिद्रतेशी गल्लत करतात. सच्छिद्रता म्हणजे आत मोकळी जागा किती आहे, पारगम्यता म्हणजे त्या जागेतून वाट किती सोपी आहे. समुद्रतळाजवळच्या चिकणमातीत निम्म्याहून जास्त जागा पाण्याने भरलेली असते, वाळूपेक्षाही जास्त, तरी चिकणमाती पाणी सोडत नाही आणि वाळू सोडते. कारण चिकणमातीच्या फटी अतिशय बारीक. ढोबळ हिशोब असा की पारगम्यता कणाच्या आकाराच्या वर्गाप्रमाणे बदलते, कण शंभरपट बारीक झाले तर पारगम्यता दहा हजारपट पडते.

याचं एकक डार्सी. हेन्री डार्सी हा फ्रान्समधल्या दिजाँ शहराचा पाणीपुरवठा बघणारा इंजिनियर, त्याने वाळूच्या फिल्टरमधून पाणी कसं जातं याचे प्रयोग करून १८५६ मध्ये नियम छापला. शहराच्या पाण्यासाठी केलेलं काम आज दीड-दोन किलोमीटर समुद्राखालच्या गाळाला लावतात. स्वच्छ सुटी वाळू एखादा डार्सी किंवा काही डार्सी, चांगल्या मातीमिश्रित वाळूत मिलिडार्सी म्हणजे हजाराव्या भागात मोजायचं, आणि घट्ट चिकणमातीत त्याच्याही खाली जायचं, अगदी मायक्रोडार्सीपर्यंत. इतका प्रचंड फरक असतो म्हणून या क्षेत्रातले लोक दुप्पट-तिप्पट फरकाला फरकच धरत नाहीत, दहापट म्हणा मग बोलू.

आता एक फट डोळ्यासमोर आणा, सोयीसाठी गोल नळी समजा. नळीतून पाणी जाताना भिंतीला चिकटलेलं पाणी हलतच नाही, मध्यावरचं सगळ्यात जोरात पळतं. नदीतही हेच दिसतं ना, काठाला संथ आणि मध्ये ओढ. यातूनच तो नियम येतो की नळीची त्रिज्या अर्धी केली तर प्रवाह अर्धा होत नाही, सोळावा हिस्सा होतो.

या नळीत हायड्रेट दोन प्रकारे बसू शकतं. एक, भिंतीला लेप लागल्यासारखं, म्हणजे कणांच्या अंगावर. दोन, नळीच्या मधोमध दांडा घातल्यासारखं, भिंतीला न लागता. दोन्ही वेळी निम्मी जागा हायड्रेटने भरली असं धरलं आणि गणित केलं तर पहिल्या केसमध्ये पारगम्यता मूळच्या २५ टक्के राहते आणि दुसऱ्यात फक्त ३ टक्के. पहिल्यांदा वाचलं की वाटतं काहीतरी छापायला चुकलंय. पण नाही. लेप लागला तर नळी बारीक होते एवढंच, मधली पळापळ चालू राहते. मधोमध दांडा आला तर जिथे पाणी सगळ्यात जोरात पळत होतं नेमकी तीच जागा गेली, आणि वरून दांड्याचा पृष्ठभाग ही पाण्याला अडून राहायला आणखी एक भिंत मिळाली. उरलेलं पाणी दोन भिंतींच्या चिंचोळ्या कडीतून सरकत राहणार. नुसतं १० टक्के हायड्रेट घेतलं तरी लेपाच्या केसमध्ये ८१ टक्के पारगम्यता शिल्लक राहते आणि दांड्याच्या केसमध्ये २९ टक्के.

मग निसर्गात हायड्रेट कुठे बसतं? बहुतेक वाळूंमध्ये, दुर्दैवाने म्हणा, मध्येच. वाळूच्या कणाला, म्हणजे क्वार्ट्झला, पाणी जास्त आवडतं. त्यामुळे कणाच्या अंगावर पाण्याची पातळ फिल्म राहते आणि हायड्रेट तिच्या पलीकडे, फटीच्या पोटात वाढतं. छोट्या नमुन्यांचे एक्स-रे सीटी करून लोकांनी ही फिल्म प्रत्यक्ष बघितलेली आहे. (मिथेनचं हायड्रेट एक्स-रेमध्ये पाण्यापासून नीट वेगळं दिसत नाही म्हणून असल्या प्रयोगात बऱ्याचदा झेनॉन नाहीतर क्रिप्टॉन वापरतात, तेही हायड्रेट करतात. जुगाड आहे पण चालतो.)

इथे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे की खरा गाळ म्हणजे नळ्यांचा गठ्ठा नव्हे. खऱ्या फटीला पोट असतं आणि गळा असतो, दोन पोटं एका अरुंद गळ्याने जोडलेली, आणि पाण्याची वाट मुख्यतः गळा ठरवतो. हायड्रेटला मोठी जागा आवडते, बारीक जागेत त्याला बनायला जास्त थंडी किंवा जास्त दाब लागतो, त्यामुळे ते आधी पोटात वाढतं. सुरुवातीला गळे मोकळेच राहतात, म्हणून खऱ्या वाळूत पहिलं थोडं हायड्रेट नळीच्या हिशोबाइतकं वाईट वागत नाही. पण पुढे गळ्यातही घुसायला लागलं की एकेक जोडरस्ता बंद होत जातो, आणि रस्ते बंद झाले की उरलेलं पाणी लांबून वळसे घेतं, मग पारगम्यता खूप जोरात उतरते.

अजून एक टप्पा आहे. हायड्रेटने फटीचा साधारण पाव ते चाळीस टक्के भाग भरला की त्याचे गोळे शेजारच्या कणांना टेकायला लागतात आणि गाळाचं वजन पेलायला लागतात. म्हणजे आता ते नुसतं फटीत तरंगणारं भरण राहत नाही, सांगाड्याचा भाग होतं. आवाजाच्या लहरी अशा गाळातून जास्त वेगाने जातात आणि हायड्रेट शोधायचा तो एक मार्ग आहे. पण हे पुढेही लागणार आहे, कारण उद्या हा आधार काढून घेतला तर गाळ खाली बसणार.

कॉम्प्युटरवर साठ्याचं मॉडेल करणारे लोक हे सगळं एका आकड्यात कोंबतात. मासुदा यांच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र आहे, त्यात हायड्रेट सोडून उरलेल्या जागेचं प्रमाण घ्यायचं आणि त्यावर घातांक चढवायचा, म्हणजे ते प्रमाण स्वतःशीच तितक्या वेळा गुणायचं. घातांक २ घेतला तर निम्म्या भरलेल्या गाळाची पारगम्यता २५ टक्के, ३ घेतला तर साडेबारा, ५ घेतला तर ३, आणि १० घेतला तर हजारात एक. आता तो घातांक कुठून आणायचा? प्रयोगातून. आणि वेगवेगळ्या लॅबचे घातांक २ पासून १० च्याही वर जातात. म्हणजे सूत्र दिसायला सुटसुटीत पण सगळं अज्ञान त्या एका आकड्यात लपवलंय असं मला तरी वाटतं. तो घातांक म्हणजे खरं तर हायड्रेट कुठे बसलंय याचंच टोपणनाव आहे.

लॅबचे आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत याचंही कारण तेच. लॅबमध्ये हायड्रेट बनवायची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे वाळू थोडी ओली करायची आणि दाबाने मिथेन सोडायचा. ओल्या वाळूत पाणी कुठे असतं, तर दोन कण जिथे टेकतात त्या कोपऱ्यात. मग हायड्रेटही तिथेच बनतं आणि सिमेंटसारखं कणांना चिकटवून टाकतं. वाळू कडक होते, पण फटीचं पोट बऱ्यापैकी मोकळं राहतं. याउलट समुद्राखाली फटी पाण्याने गच्च भरलेल्या असतात आणि मिथेन पाण्यात विरघळलेल्या रूपात थोडा थोडा येतो. मिथेन पाण्यात अगदीच कमी विरघळतो, त्यामुळे तसं हायड्रेट बनवायला लॅबमध्ये आठवडे, महिने लागतात आणि तेवढा धीर कुणाला असतो. लवकर बनवलेल्या नमुन्यावर पारगम्यता मोजायची आणि ती समुद्रातल्या गाळाला लावायची, ही गडबड बरीच वर्षं चालली.

त्यात वेळेचाही एक भाग आहे. हायड्रेटचे बारीक बारीक कण झाले की ते तसेच राहत नाहीत, छोटे विरघळतात आणि मोठ्यांवर जाऊन बसतात, हळूहळू मोठे ढेकूळ होतात. एकूण हायड्रेट तेवढंच, पण आता काही भाग पूर्ण भरलेले आणि काही भाग जवळजवळ रिकामे. रिकाम्या भागातून पाण्याला वाट मिळते. म्हणजे सगळीकडे थोडं थोडं पसरलेल्या हायड्रेटपेक्षा ढेकळांच्या स्वरूपातलं हायड्रेट कमी अडवतं. निसर्गाकडे हजारो वर्षं असतात, लॅबकडे एक प्रोजेक्ट असतो, तेव्हा लॅबमधलं ताजं हायड्रेट आणि समुद्रातलं मुरलेलं हायड्रेट सारखं वागेल हे धरणंच जरा जास्त होतं.

यावर उपाय म्हणजे समुद्राखालचा नमुना दाब न सोडता वर आणायचा. साधा कोर, म्हणजे खणून काढलेली गाळाची लांब कांडी, वर काढला तर येता येता दाब कमी होतो, हायड्रेट फुटून जातं, म्हणजे त्याचं परत पाणी आणि गॅस होतं, आणि डेकवर फुगलेली चिखलाची कांडी मिळते. प्रेशर कोरमध्ये नमुना खालच्याच दाबाला सीलबंद होऊन येतो आणि पुढची कापाकापी, मोजमाप, सगळं दाबाखालीच करायचं, हात न लावता. महागडं आणि कटकटीचं काम आहे. २०१७ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या टीमने मेक्सिकोच्या आखातात ग्रीन कॅन्यन ९५५ नावाच्या जागेवरून असे कोर आणले, बारीक वाळू आणि पोयट्याचा गाळ, आणि त्यात फटींचा ८० टक्क्यांच्या वरपर्यंत भाग हायड्रेटने भरलेला. जपानच्या नानकाई ट्रफमधल्या वाळूचे प्रेशर कोरही असेच तपासलेत. अशा गच्च भरलेल्या नमुन्यांतूनसुद्धा पाणी जातं, पारगम्यता शून्य होत नाही, आणि हे महत्त्वाचं आहे कारण ते शून्य असतं तर गॅस काढायची गोष्टच विसरा.

आतापर्यंत वाळू झाली. चिकणमातीत सगळं चित्रच वेगळं. तिथल्या फटी इतक्या बारीक की हायड्रेटला आत शिरून वाढणं परवडत नाही, त्यापेक्षा मऊ माती बाजूला सारणं सोपं जातं. मग ते भेगा पाडतं, शिरा, थर, गाठी अशा रूपात वाढतं, जवळजवळ शुद्ध हायड्रेटच्या शिरा आणि मध्ये नुसता चिखल. २००६ मध्ये भारताच्या नॅशनल गॅस हायड्रेट प्रोग्रॅमच्या मोहिमेत, जॉयडीस रेझोल्यूशन जहाजावरून, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या दहाव्या साइटवर अशाच भेगाळलेल्या चिकणमातीत साधारण १३० मीटर जाडीचा हायड्रेटचा पट्टा सापडला. त्या साइटची गंमत अशी की विहिरीतल्या विद्युतरोधाच्या मापावरून नेहमीचं सूत्र लावलं तर हायड्रेट प्रचंड दिसायचं, आणि प्रेशर कोरमध्ये प्रत्यक्षात बरंच कमी निघालं. सूत्र समजत होतं की हायड्रेट फटीफटीत सारखं पसरलंय, आणि ते होतं उभ्या शिरांमध्ये, त्यांनी करंट अडवला आणि आकडा फुगवला. परत तेच, कुठे बसलंय.

अशा गाळाची पारगम्यता एका आकड्यात सांगताच येत नाही. शिरांच्या मधला चिखल जवळजवळ होता तसाच, आधीच पाणी न सोडणारा. पण भेगा हे हायवे आहेत, गॅस वर येतो तो त्यातून. भेग हायड्रेटने भरली की हायवे बंद, नवीन भेग पडली की परत चालू. भेगेच्या दिशेने एक पारगम्यता आणि आडवी दुसरी.

आता याची साखळी बघा. पारगम्यता ठरवते की मिथेन कुठे पोचणार, म्हणून हायड्रेट आधी जाडसर वाळूच्या थरात बनतं, तिथे वाट चांगली आणि फटी मोठ्या. पण बनलं की तीच चांगली वाट ते बंद करतं. आपल्याच पायावर धोंडा. पुढचा गॅस मग बाजूने जातो, किंवा खाली अडकतो. आवाजाच्या लहरी सोडून केलेल्या समुद्राच्या सर्व्हेमध्ये हायड्रेटच्या खालच्या सीमेवर एक ठळक रेघ दिसते, समुद्रतळाला समांतर जाणारी, बीएसआर म्हणजे बॉटम सिम्युलेटिंग रिफ्लेक्टर म्हणतात तिला. ती मुख्यतः दिसते कारण तिच्या खाली मोकळा गॅस असतो आणि गॅसमधून आवाज एकदम हळू जातो. वरच्या हायड्रेटने गळे अरुंद केलेले असल्यामुळे गॅसच्या बुडबुड्याला आत घुसायला जास्त दाब लागतो. पाण्याला जाता येतं, बुडबुड्याला येत नाही, असंही होतं, कारण बुडबुड्याला ओल्या गळ्यातून जायचं तर आधी पाण्याचा ताण फोडावा लागतो. गळा जितका अरुंद तितकी ही मेहनत जास्त.

पण झाकण कायमचं नसतं. खाली गॅसचा थर जाड होत गेला की त्याचा दाब वाढतो आणि एका क्षणी तो वरचा गाळ फोडून चिमणीसारखी वाट काढतो. अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यासमोरच्या हायड्रेट रिज या जागी गॅस हायड्रेटच्या पट्ट्यातून सरळ वर येऊन तळातून बुडबुडे सोडतो. प्रश्न पडतो की वाटेत थंडी, दाब, पाणी सगळं असताना त्याचं हायड्रेट का होत नाही? एक कारण मीठ. हायड्रेटच्या पिंजऱ्यात मिठाला जागा नाही, त्यामुळे ते बनताना मीठ बाहेर टाकतं आणि उरलेलं पाणी खारट होत जातं. एका मर्यादेनंतर पाणी इतकं खारट होतं की आणखी हायड्रेट बनूच शकत नाही, आणि गॅसला खारट पाण्याची वाट मोकळी मिळते. ज्या गाळातून पाणी सहज बदललं जातं तिथे मीठ निघून जातं, जिथे नाही तिथे साचतं. म्हणजे पारगम्यता मिठामार्फतही खेळात आहेच.

आता गॅस काढायचा म्हटलं की हे सगळं अंगावर येतं. सध्याची मुख्य पद्धत अशी, की विहीर खणायची, तिच्यातलं पाणी उपसून दाब कमी करायचा, दाब कमी झाला की हायड्रेट फुटतं आणि गॅस विहिरीकडे येतो. यासाठी विहिरीतला कमी दाब गाळात लांबवर पोचला पाहिजे, आणि तो पोचवणार कोण तर उरलेली पारगम्यता. फार कमी असेल तर विहिरीभोवतीचं थोडं हायड्रेट फुटून काम थांबतं. फार जास्त असेल, किंवा वरखालचे थर पाणी सोडणारे असतील, तर आजूबाजूचं समुद्राचं पाणीच विहिरीत येत राहतं, तुम्ही पंप चालवत बसा, दाब काही खाली येत नाही. म्हणून चांगला साठा म्हणजे भरपूर हायड्रेट असलेला साठा असं नव्हे. वाळूत बेताची वाट शिल्लक हवी आणि वरखाली चिकणमातीचं घट्ट झाकण हवं.

२०१३ च्या मार्चमध्ये जपानने नानकाई ट्रफमध्ये समुद्रातला असा पहिला प्रयोग केला, चिक्यू जहाजावरून, पाण्याची खोली हजारेक मीटर. सहा दिवसांत सुमारे १,२०,००० घनमीटर गॅस आला, आणि मग विहिरीत वाळू यायला लागली आणि थांबवावं लागलं. वाळू का आली तर हायड्रेटने पेललेला सांगाडा फुटला, कण सुटे झाले, आणि पाण्या-गॅसच्या ओढीने विहिरीकडे निघाले. २०१७ च्या दुसऱ्या प्रयोगात एका विहिरीत परत वाळूने घोळ केला, दुसरी २४ दिवस चालली.

चीनने दक्षिण चीन समुद्रातल्या शेनहू भागात २०१७ मध्ये ६० दिवसांत ३,००,००० घनमीटरच्या वर गॅस काढला, तोही मातकट, बारीक पोयट्याच्या गाळातून, ज्यातून काही निघेल याची फार लोकांना खात्री नव्हती. २०२० मध्ये त्यांनी तिथे आडवी विहीर घातली आणि ३० दिवसांत ८,६१,४०० घनमीटर मिळवला. आडव्या विहिरीचं लॉजिक सरळ आहे: गाळ पाणी लवकर सोडत नसेल तर पाण्याला विहिरीपर्यंत लांब चालायलाच लावू नका, विहीरच थराच्या आतून लांब न्या. पारगम्यता वाढवता येत नसेल तर अंतर कमी करा.

आणखी एक धोका थंडीचा. हायड्रेट फुटताना उष्णता खातं, मग आजूबाजूचा गाळ गार पडतो, आणि दाब फार झपाट्याने उतरवला तर जवळच परत हायड्रेट किंवा सरळ बर्फ बनून नुकत्याच उघडलेल्या फटी पुन्हा बुजतात. त्यामुळे ऑपरेटर लोक दाब टप्प्याटप्प्याने उतरवतात. हपापल्यासारखं केलं की वाट आपणच बंद केलेली असते.

जमीन सरकायच्या भीतीबद्दलही थोडं. हायड्रेट फुटलं, गॅस झाला, आणि गाळाची पारगम्यता कमी असली तर तो गॅस पटकन निघून जात नाही, आत दाब साचतो, कण एकमेकांना दाबून धरतात ती पकड सैल होते, आणि उतारावरचा गाळ घसरू शकतो. नॉर्वेसमोर सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी झालेल्या स्टोरेगा या महाप्रचंड घसरणीचा ठपका बरीच वर्षं हायड्रेटवर ठेवला जात होता, आता बहुतेक अभ्यासक झपाट्याने साचलेला गाळ आणि भूकंप यांना मुख्य कारण मानतात. म्हणजे भीती खोटी नाही पण प्रत्येक घसरणीला हायड्रेट जबाबदार धरायचं कारण नाही. जिथे गाळ गॅसला हळूहळू सोडून देतो तिथे दाब साचतच नाही.

शेवटी एक प्रश्न राहतो, जो मला या सगळ्यात जास्त इंटरेस्टिंग वाटतो. हायड्रेट पूर्ण निघून गेल्यावर गाळाची पारगम्यता आधीच्या, हायड्रेट बनायच्या पूर्वीच्या, आकड्यावर परत येते का? सोप्या मॉडेलमध्ये येते, दांडा काढला की नळी मोकळी. प्रत्यक्षात तसं होत नाही. एक तर दाब उतरवल्यामुळे वरच्या गाळाचं वजन आता सगळं कणांवर येतं, हायड्रेटचा आधारही गेलेला असतो, म्हणून वाळू दबते आणि फटी लहान होतात. दुसरं, हायड्रेट फुटून येणारं पाणी गोडं असतं, कारण बनताना त्याने मीठ बाहेर टाकलं होतं आणि ते मीठ केव्हाच पसरून गेलं. (कोरमधलं पाणी किती गोडं झालंय त्यावरून आत किती हायड्रेट होतं याचा अंदाजही काढतात, ही त्याची चांगली बाजू.) पण वाळूत थोडी जरी चिकणमाती मिसळलेली असली तर खाऱ्या पाण्यात शांत बसलेले तिचे कण गोड्या पाण्यात फुगतात, एकमेकांपासून सुटतात, प्रवाहाबरोबर वाहतात आणि पुढच्या एखाद्या गळ्यात जाऊन अडकतात. गॅसचे बुडबुडे त्यांना आणखी ढकलत नेतात. सगळं विहिरीच्या दिशेने जातं आणि विहिरीपाशीच वाट सगळ्यात अरुंद, त्यामुळे तुंबतंही तिथेच. हायड्रेटने एवढी वर्षं अडवलेली फट हायड्रेट गेल्यावर मातीने अडवलेली.